साहेब म्हणाले, माल आलेला नाही

शेटेंनी चहा मागवला आणि बाबा ‘नको’ म्हणाले नाहीत, तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं.

माझे वडील, अरविंद रेळेकर, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, पाकिटांवर छापलेल्या किमती तपासायच्या आणि खोट सापडली तर खटला भरायचा, हे त्यांचं काम. तालुक्यातल्या कुठल्याही दुकानात त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. आईनं भरून दिलेली बाटली कायम त्यांच्या पिशवीत असायची. लहानपणी एकदा दिवाळीच्या सुमारास मिठाईवाल्यानं माझ्या आणि निहारच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या, हातावर एकेक पेढा ठेवला होता. माझा पेढा बाबांनी परत ताटात ठेवायला लावला. निहारनं तोवर गिळून टाकला होता, म्हणून त्याच्या पेढ्याचे पैसे दिले.

असा माणूस त्या शनिवारी शेटेंच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेला टेकून बशीत चहा ओतत होता. टेबलाखाली, त्यांच्या पायाशी, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत एक भलामोठा खोका होता.

खोक्यात गेमिंग कन्सोल होता, टीव्हीला जोडून खेळायचा, नुकताच बाजारात आलेला. त्या वर्षी जगभर चिपांचा तुटवडा होता म्हणे, त्यामुळे कंपनीला माल पुरवता येत नव्हता. ऑनलाइन विक्री सुरू झाली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपून जायची. मोठ्या शहरांत लोक दुप्पट भावानं विकत होते. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी तर महिनोन् महिने वाट बघितल्यावर एखादा पीस यायचा, आणि आलाच तर तो नितीन शेटेंच्या दुकानात. गावातलं इलेक्ट्रॉनिक्सचं सगळ्यात मोठं दुकान त्यांचं.

निहार दहावीत असताना बाबा एकदा बोलून गेले होते, की नव्वदच्या वर गेलास तर तो तुझा खेळ आणून देईन. तो जाईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. तो गेला. मग बाबा रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसू लागले, आणि रोज ‘साठा संपला’ अशी पाटी बघून मिटू लागले. त्यात बाबांच्याच ओळखीतल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाला कन्सोल मिळाला. कसा मिळाला हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. निहारनं आदळआपट केली नाही. जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाला, “आपल्याकडे फक्त नियम येतात. वस्तू दुसऱ्यांकडे जातात.”

आईनं निहारला दटावलं नाही, आणि तेच बाबांना जास्त लागलं असावं. दोन दिवसांनी त्यांनी शेटेंना फोन केला.

यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते. निहारला चकित करायचंय, चल माझ्याबरोबर, असं बाबा म्हणाले आणि मी निघाले. आपला नंबर लागला असेल, असंच मला वाटलं. केबिनमध्ये बसल्यावर मात्र शेटेंच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला शंका येऊ लागली. बाबांनी त्यांच्यावर पूर्वी दोनदा खटले भरले होते, परदेशी मालावर किमतीची चिठ्ठी नव्हती म्हणून. आणि हा माणूस जावई आल्यासारखा खूश होता. इतक्या वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा काहीतरी हक्कानं सांगितलं, असं तो दोनदा म्हणाला. बाबांनी पक्कं बिल मागून घेतलं, पूर्ण किंमत दिली, बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि खिशावरून हात फिरवला. बिल आहे म्हणजे सगळं रीतसर आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली असेल.

तेवढ्यात बाहेरच्या काउंटरवरून आवाज आले.

पांढरा सदरा, लेंगा, डोक्यावर टोपी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी काउंटरवरच्या पोऱ्याशी बोलत होती. मुलगी हातातला मोबाइल त्याच्यापुढे धरून सांगत होती, की या दुकानाला एक पीस पाठवलाय असं कंपनीच्या माणसानंच कळवलंय, आणि पहिलं बुकिंग आमचं आहे. पोऱ्या मान हलवून माल आलाच नाही म्हणत होता. गृहस्थ मध्येच वळले, आणि केबिनच्या काचेतून त्यांना बाबा दिसले.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. दारात चपला काढून ते आत आले.

ते विरूपाक्ष लिगाडे. वीसेक मैलांवरच्या एका गावात त्यांचं किराणा दुकान होतं. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. मुलीला पुढे घेऊन त्यांनी सांगितलं, की राजेश्वरी, हेच ते साहेब. मग मला आणि शेटेंना त्यांनी जुनी हकिकत ऐकवली. बाबांनी एकदा त्यांचा तराजू तपासला तेव्हा तो गिऱ्हाइकाला थोडं जास्तच देत होता. बाबांनी त्यांना सांगितलं, यात गुन्हा नाही पण नुकसान तुमचं आहे, दुरुस्त करून घ्या. त्या आनंदात अण्णांनी शेंगांची पिशवी पुढे केली तर साहेब तिच्याकडे न बघता निघून गेले. “असला माणूस मी दुसरा बघितला नाही,” ते म्हणाले.

बाबांनी बशी खाली ठेवली.

राजेश्वरी मोबाइलवरच्या खेळांच्या स्पर्धांत जिल्ह्यातल्या पोरांना हरवत आली होती. बक्षिसं साठवून आणि अण्णांच्या मागे लागून तिनं पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे भरून कन्सोलचं बुकिंग केलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी बापलेक मोटरसायकलवरून इथवर येत होते आणि हात हलवत परत जात होते. हे सगळं सांगून अण्णा शेटेंकडे वळले नाहीत. बाबांकडेच बघत राहिले.

“साहेब, तुमच्यापुढं हे खोटं बोलायचे नाहीत. तुम्हीच विचारा. आलाय का नाही माल? तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य.”

ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू ठेवून शेटेंनीही बाबांकडे बघितलं. मी बाबांच्या बुटांकडे बघत होते. त्यांनी पाय थोडे मागे ओढले तशी पिशवी कुरकुरली.

“मी विचारलंय,” बाबा म्हणाले. तपासणीच्या वेळचा, कुणाला उलट बोलू न देणारा आवाज होता तो. “माल आलेला नाही, लिगाडे. तुटवडा सगळीकडेच आहे. हे तरी काय करणार?”

अण्णांनी लगेच मान डोलावली. मुलगी काहीतरी बोलायला गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला थांबवलं. “साहेब म्हणतात म्हणजे नसंल आला. चल.” जाताना त्यांनी शेटेंना उगाच त्रास दिल्याबद्दल माफ करा म्हटलं. दारात चपला घालताना राजेश्वरीनं एकदा मागे वळून बघितलं. माझी आणि तिची नजर भेटली, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

ते गेल्यावर शेटे हात चोळत म्हणाले, “सांभाळून घेतलंत, साहेब.”

गाडीत खोका माझ्या मांडीवर होता. बाबांनी गिअर चुकवला, गाडी बंद पडली, मागून कुणीतरी भोंगा वाजवला. बराच रस्ता गेल्यावर ते आपण होऊन म्हणाले, “बिल आहे आपल्याकडे.” मी “हं” म्हटलं.

घरी निहारनं खोका बघितला आणि बाबांना मिठीच मारली. बाबांना मिठी मारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. ते तसेच हात खाली सोडून उभे राहिले. उघडू नकोस, उद्या उघडू, एवढं म्हणून आत गेले. निहार रात्रभर उशाशी खोका घेऊन झोपला होता, पण सकाळी मी उठले तर बाबा त्याच्या पलंगाच्या कडेला बसले होते आणि खोका परत पिशवीत गेला होता.

चुकून आपल्याकडे आला, दुसऱ्याचा आहे, असं त्यांनी निहारला सांगितलं होतं. निहारनं माझ्याकडे बघितलं. “ताई, खरंच?” मी हो म्हटलं. तो भांडेल असं मला वाटलं होतं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण ओढून घेतलं. पुढे बाबांनी कितीदा काय काय देऊ केलं, पण निहारनं त्यांच्याकडे पुन्हा कशाचीच मागणी केली नाही.

“मी लिगाडेंना सगळं सांगणार आहे,” गाडी सुरू करताना बाबा म्हणाले. “तू बरोबर असलीस तर बरं.” माझ्यासमोर खोटं बोलले होते, म्हणून खरंही माझ्यासमोरच बोलायचं होतं त्यांना. निदान मी तसा अर्थ लावला, आणि मला त्यांचा अभिमान वाटला. वाटेत शेटेंकडे थांबून त्यांनी बिल लिगाडेंच्या नावावर करून घेतलं आणि आपले पैसे परत घेतले. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं साहेब, असं शेटे म्हणाले.

लिगाडेंच्या गावी त्या दिवशी आठवडी बाजार होता. दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी. बाबा खोका घेऊन उतरले. अण्णा गादीवरून उठून उभे राहिले, खोक्यावरचं चित्र त्यांनी ओळखलं, आणि बाबांनी तोंड उघडायच्या आधीच भर बाजारात सांगायला सुरुवात केली, की बघा, काल मी नुसतं साहेबांच्या कानावर घातलं आणि आज साहेब स्वतः माल घेऊन दारात आले. माणसं गोळा झाली. कुणी बाबांना हार आणायला धावलं. राजेश्वरी आतून पळत आली, खोका बघून दारातच थबकली, आणि मग पुढे होऊन बाबांच्या पायांवर डोकं ठेवून रडायलाच लागली. एका खेळण्यासाठी एवढं रडते, असं मला तेव्हा वाटलं.

“लिगाडे, जरा आत चला,” बाबा म्हणाले. “मला बोलायचंय.”

आत माजघरात पाट मांडले गेले होते. अण्णांच्या बायकोनं चुलीवर तवा टाकला होता. बाबा उभेच राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“काल तुम्ही मला विचारलंत तेव्हा तो खोका—”

“काही सांगू नका, साहेब,” अण्णांनी त्यांचे दोन्ही हात धरले. “कालपासनं मी विचार करत होतो, साहेब असं का बोलले. आता कळलं. चारचौघांत त्याची अब्रू घेतली नाहीत तुम्ही. आम्ही गेल्यावर कान धरलात. मोठ्या माणसाची रीतच वेगळी.”

त्यांनी सगळी हकिकत स्वतःच जुळवून टाकली होती, आणि ती इतकी चांगली होती, की तिच्यात बाबांना फक्त गप्प राहायचं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना एवढ्याशा खुणेनं ‘बोला’ म्हणू शकले असते. पण बाहेर लोक होते, दारात ती पोरगी डोळे पुसत उभी होती, आणि माझे वडील मला फार थकलेले दिसत होते. मी मान खाली घातली. बाबा पाटावर बसले. दुकानदाराच्या घरचं अन्न ते तेव्हा पहिल्यांदा जेवले. भाकरी, शेंगांची चटणी आणि आग्रहाचं तूप. प्रत्येक घास त्यांना पाण्याबरोबर उतरवावा लागत होता.

या विषयावर आम्ही पुढे कधी बोललो नाही.

हकिकत मात्र आमच्या आधी सगळीकडे पोचली. बाजारातून बाजारात गेली तसतशी ती वाढली. साहेबांनी शेटेंना दुकानाला कुलूप लावायची धमकी दिली, साहेबांनी गोदामातून स्वतः खोका शोधून काढला, असं लोक सांगू लागले. बाबा फिरतीवर जात तिथे कुणी ना कुणी ती त्यांनाच ऐकवायचं. शेटेंनी ती कधी खोडून काढली नाही. बाबांनीही पुढे कधी त्यांच्या दुकानाची तपासणी काढली नाही, आजारपणाचं कारण सांगून सहकाऱ्याला पाठवलं. आधीच कमी बोलणारे बाबा त्या वर्षांत आणखी अबोल झाले. घरी पाहुण्यांपुढे आई कौतुकानं ती गोष्ट काढायची, तेव्हा ते उठून गच्चीवर जायचे.

काही वर्षांनी बाबा निवृत्त झाले तेव्हा व्यापारी संघटनेनं त्यांचा सत्कार ठेवला. व्यापाऱ्यांच्या कुठल्याच समारंभाला बाबा आयुष्यात गेले नव्हते. याला मात्र लगेच हो म्हणाले. आईला आश्चर्य वाटलं.

सभागृह भरलेलं होतं. निहार बंगळुरूला होता, त्याला रजा मिळाली नाही, किंवा त्यानं काढली नाही. शेटे आता संघटनेचे खजिनदार होते, ते मंचावर बसले होते. पहिल्या रांगेत अण्णा लिगाडे, शेजारी राजेश्वरी. ती पुण्यात गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत लागली होती. अण्णांनी भाषणात तीच हकिकत सांगितली. शेटेंचं नाव त्यांनी घेतलं नाही, एका दुकानात असं म्हणाले, पण कोणतं दुकान ते सगळ्यांना माहीत होतं आणि लोक मंचाकडे बघून हसले. या साहेबांमुळे माझ्या पोरीचं आयुष्य मार्गाला लागलं, असं म्हणून ते खाली बसले.

मग बाबा उभे राहिले. हातात कागद नव्हता.

“लिगाडे सांगतात तसं झालेलं नाही,” ते म्हणाले. “तो कन्सोल मी माझ्या मुलासाठी ओळख वापरून घेतला होता. नंबर लिगाडेंच्या मुलीचा होता. त्यांनी मला विचारलं तेव्हा खोका माझ्या पायाशी होता, आणि माल आलेला नाही असं मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला, पण खरं बोललो नाही. ते आज सांगतोय.”

मी डोळे मिटून घेतले होते. आता काय होईल ते होवो, पण संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

टाळी वाजली. डोळे उघडले तर शेटे वाजवत होते. मग सगळेच वाजवायला लागले. अध्यक्षांनी उठून ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, की पाहिलंत, याला म्हणतात मोठेपणा. ज्यानं चूक केली तो इथेच बसला आहे, आणि त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून साहेब सगळा दोष आपल्या अंगावर घेत आहेत. लोक उभे राहिले. बाबा दोनदा ‘नाही, नाही’ म्हणाले, ते टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. राजेश्वरी डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

एकटे अण्णा बसून होते. त्यांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले होते. ते आधी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग गर्दीतून त्यांनी मला शोधलं. मला नजर चुकवायची नव्हती, पण चुकवली गेली.

जेवणाची पंगत सुरू झाली तेव्हा ते बाबांपाशी आले. बाबा मागच्या व्हरांड्यात एका बाजूला उभे होते, मी त्यांच्याजवळ होते.

“खरं होतं ते, साहेब?”

“हो.”

अण्णांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं. रागावतील असं वाटलं, पण ते रागावलेले दिसत नव्हते. ते हळू आवाजात बोलू लागले.

“त्या दिवशी दुकानातनं बाहेर पडल्यावर राजी म्हणाली होती, अण्णा, साहेबांच्या टेबलाखाली पिशवी आहे, तिच्यात तोच खोका आहे, कोपरा दिसला मला. मी तिला थोबाडीत मारली. भर रस्त्यात. साहेबांवर संशय घेतीस म्हणून. त्याच्या आधी कधी पोरीवर हात टाकला नव्हता, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तवा ती खेळण्यासाठी नाही रडली, साहेब. देवमाणसावर संशय घेतला म्हणून रडली.”

बाबा म्हणाले, “मी तिला सांगतो.”

“सांगितलंत की. मघाशी ऐकलंच तिनं.” अण्णांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. “टाळ्या वाजवत होती.”

तेवढ्यात राजेश्वरी आम्हाला शोधत तिथे आली. पुण्याची शेवटची गाडी गाठायची होती, म्हणून साहेबांचा निरोप घ्यायला आली होती. ती पायांशी वाकू लागली तसे बाबा मागे सरले, आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

“मी आत्ता बोललो ते खरं होतं, बाळ. तुला दिसलं होतं ते बरोबर होतं.”

तिनं अण्णांकडे बघितलं. अण्णा अंगणातल्या गाड्यांकडे बघत होते. मग ती हसली, वडीलधाऱ्यांचं मन राखायला हसतात तशी, आणि म्हणाली, “असू दे हो, साहेब.”

बाबांचे हात जोडलेलेच होते. ते निरोप घेत आहेत असं तिला वाटलं असावं. तिनंही हात जोडले, मान लववली आणि गाडी चुकू नये म्हणून पायऱ्या उतरून भराभर निघून गेली.